घरच्या बॉयलरचा हिशेब
(सभासद-शिक्षण पाठ : लाइट बिल, गॅस आणि जळण)



वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्यातील जाणते सभासद उठून कारखान्याच्या बॉयलरविषयी प्रश्न विचारतात. बगॅस किती वाचला, वाफेचा टक्का किती बसला, लाकूड बाहेरून का आणावे लागले, अशी खोदून खोदून चौकशी होते. ती व्हायलाच हवी, कारण कारखाना आपला आहे. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस हाती येतो. त्यात निम्मे पाणीच असते. तरी त्याच बगॅसवर सारा कारखाना चालतो आणि नीट काटकसर केली तर वीजही विकता येते.

पण सभासद हो, प्रत्येकाच्या घरातही एक छोटा बॉयलर रात्रंदिवस चालू असतो. स्वयंपाकाची शेगडी, आंघोळीचे पाणी, दिवे, पंखे, पाण्याची मोटार हा तो बॉयलर. त्याच्या जळणाचा हिशेब कोणत्या सभेत मांडला जातो? बिल आले की घरधनी कपाळाला आठ्या घालतो, "मीटर पळतोय" म्हणतो आणि कागद खुंटीला अडकवतो. म्हणून या पाठात आपण घरच्या बॉयलरचा हिशेब शिकणार आहोत. बेरीज, गुणाकार येणाऱ्या कोणालाही तो जमेल. सातवी-आठवीतल्या मुलाला शेजारी बसवून केला तर उत्तम.

प्रश्न कोठून उठला

२०२४ च्या हिवाळ्यात एका गट ऑफिसात आमचा अभ्यासवर्ग होता. विषय खोडवा व्यवस्थापनाचा होता. वर्ग संपल्यावर एक सभासद आपल्या मंडळींसह थांबले आणि खिशातून दोन लाइट बिले काढून आमच्यापुढे ठेवली. ऑक्टोबरचे बिल ११० युनिटांचे, डिसेंबरचे १८० युनिटांचे. युनिट वाढले दीडपटीच्या थोडे वर. रक्कम मात्र दुपटीच्याही पुढे गेली होती. घरात माणसे तीच पाच. ऊस अजून तुटायचा होता. बिल भरायला त्यांनी हातउसने घेतले होते आणि आता सिलिंडर भरणे बंद करून सगळे चुलीवर करायचे, असे घरात ठरत आले होते.

"मीटर बिघडलाय, अर्ज लिहून द्या," असे त्यांचे म्हणणे. आम्ही आधी घरात नवे काय आले ते विचारले. दिवाळीत हप्त्यावर गिझर घेतला होता. तेव्हा अर्ज बाजूला ठेवला आणि कागद-पेन्सिल घेतली.

धडा पहिला : युनिट म्हणजे काय

टनाचे माप कळल्याशिवाय ऊसबिल कळत नाही, तसे युनिट कळल्याशिवाय लाइट बिल कळत नाही. १,००० वॅटचे साधन एक तास चालले की एक युनिट. प्रत्येक साधनावर त्याचे वॅट लिहिलेले असतात. वॅट गुणिले तास, भागिले हजार, की झाले युनिट.

रोजच्या वापरातल्या काही वस्तूंचा महिन्याचा (३० दिवसांचा) हिशेब असा :

— ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब, रोज ५ तास : ९ युनिट.
— ९ वॅटचा एलईडी दिवा, रोज ५ तास : दीड युनिटाहून कमी.
— ७५ वॅटचा जुना छताचा पंखा, रोज १० तास : साडेबावीस युनिट.
— ३० वॅटचा नवीन पद्धतीचा (बीएलडीसी) पंखा, तेवढेच तास : ९ युनिट.
— घरगुती पाण्याची १ एच.पी. मोटार, रोज १ तास : सुमारे ३० युनिट.
— २,००० वॅटचा गिझर, रोज १ तास : ६० युनिट.

आता पाहा. घरातले सगळे एलईडी दिवे मिळून जेवढे खातात, त्याहून जास्त एकटा गिझर खातो. आपण मात्र दिवा चालू राहिला म्हणून पोरांवर ओरडतो आणि गिझर चालू ठेवून दूध काढायला गोठ्यात जातो. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, त्यातला प्रकार.

धडा दुसरा : दराची वाढ वेगळी, पायरीची वाढ वेगळी

हा धडा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सावकाश वाचावा.

घरगुती विजेला एकच दर नसतो. राज्य वीज नियामक आयोग पायऱ्या ठरवून देतो. २०२४-२५ सालच्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४ रुपये ७१ पैसे आणि वहन आकार १ रुपया १७ पैसे, मिळून ५ रुपये ८८ पैसे होते. १०१ ते ३०० युनिटांना हेच मिळून ११ रुपये ४६ पैसे. ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे आणि त्यापुढे १७ रुपये ८१ पैसे. यावर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क. शिवाय स्थिर आकार आणि वेळोवेळी लागणारा इंधन समायोजन आकार वेगळा. दर बदलत राहतात, म्हणून आपल्या हातातल्या बिलाच्या मागे छापलेला तक्ता पाहूनच आपला हिशेब करावा. रीत मात्र हीच राहते.

शुल्क धरून पहिल्या पायरीवरचे युनिट ६ रुपये ८२ पैशांना पडले आणि दुसऱ्या पायरीवरचे १३ रुपये २९ पैशांना. म्हणजे शंभरावे युनिट आणि एकशे एकावे युनिट ही एकाच तारेतून आलेली भावंडे, पण धाकट्याची किंमत जवळजवळ दुप्पट.

येथे एक गैरसमज दूर करू. पुष्कळांना वाटते की १०१ युनिट झाले की सगळेच युनिट महाग दराने लावतात. तसे नाही. पहिली १०० स्वस्तातच राहतात, वरची तेवढी महाग पडतात.

त्या सभासदांची दोन बिले आता सोडवू. स्थिर आकार आणि इंधन समायोजन बाजूला ठेवू.

ऑक्टोबर, ११० युनिट : १०० × ५.८८ = ५८८ रुपये; १० × ११.४६ = ११४ रुपये ६० पैसे; बेरीज ७०२ रुपये ६० पैसे; १६ टक्के शुल्क मिळवून ८१५ रुपये.

डिसेंबर, १८० युनिट : १०० × ५.८८ = ५८८ रुपये; ८० × ११.४६ = ९१६ रुपये ८० पैसे; बेरीज १,५०४ रुपये ८० पैसे; शुल्क मिळवून १,७४५ रुपये ५७ पैसे.

वाढीव ७० युनिटांचे ९३० रुपये झाले. मीटर पळाला नव्हता, घर पायरी चढले होते.

"दरवाढ झाली म्हणून बिल दुप्पट झाले," असे आपण म्हणतो. २०२३-२४ मध्ये दुसऱ्या पायरीचा दर १० रुपये ८१ पैसे होता, तो २०२४-२५ मध्ये ११ रुपये ४६ पैसे झाला. ही वाढ ६ टक्क्यांची. ती खरी आहे, जाचकही आहे आणि तिच्याविरुद्ध बोलण्याचा आपला हक्क आहे. पण ६ टक्क्यांनी बिल दुप्पट होत नाही. त्याच काळात उसाची एफआरपी क्विंटलला ३१५ रुपयांवरून (२०२३-२४) ३४० रुपयांवर (२०२४-२५, १०.२५ टक्के उताऱ्याला) गेली, म्हणजे सुमारे ८ टक्के वाढली. दराशी दर लावून पाहिला तर त्या एका वर्षात फार अंतर पडले नव्हते. अंतर पडले ते पायरीमुळे. दर आपल्या हातात नाही, पायरी बरीचशी आपल्या हातात आहे.

धडा तिसरा : आंघोळीच्या पाण्याची परीक्षा

आता त्या ७० युनिटांचा शोध घेऊ. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. हिवाळ्यात टाकीतले पाणी २२ अंशांचे धरा, आंघोळीला ४२ अंश लागते असे धरा. म्हणजे २० अंशांची वाढ. बादली २० लिटरची. २० गुणिले २०, म्हणजे ४०० किलोकॅलरी. ४०० भागिले ८६०, म्हणजे एका बादलीला ०.४६५ युनिट. पाच माणसांच्या पाच बादल्या, तीस दिवस, म्हणजे दीडशे बादल्या. दीडशे गुणिले ०.४६५, म्हणजे बरोबर सत्तरच्या घरात!

उत्तर आल्यावर ते सभासद हसले. मीटर खरे बोलत होता.

हीच बादली निरनिराळ्या मार्गांनी तापवली तर काय पडते ते पाहू. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. किलोला सुमारे ११,००० किलोकॅलरी. शेगडीवर त्यातली ६० टक्के पाण्यात उतरते असे धरले तर एका सिलिंडरमध्ये सुमारे २३४ बादल्या तापतात. मुंबईत घरगुती सिलिंडर मार्च २०२३ मध्ये १,१०२ रुपये ५० पैसे होता, ऑगस्ट २०२३ अखेर ९०२ रुपये ५० पैसे, मार्च २०२४ मध्ये ८०२ रुपये ५० पैसे आणि एप्रिल २०२५ मध्ये ८५२ रुपये ५० पैसे झाला. गावोगाव त्यात थोडा फरक असतो. त्या हिवाळ्यातला ८०२ रुपयांचा भाव धरून :

— वीज, पहिल्या १०० युनिटांत बसत असेल तर : बादलीला ३ रुपये १७ पैसे.
— गॅस : बादलीला ३ रुपये ४३ पैसे.
— वीज, १०० युनिटांच्या वर : बादलीला ६ रुपये १८ पैसे.

म्हणजे "वीज स्वस्त की गॅस?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. शंभराच्या आत असाल तर जवळजवळ सारखेच. शंभराच्या वर गेलात की गॅस निम्म्याला थोडा वर. या घरात बाकीच्या वापरातच शंभर युनिट संपत होते, म्हणून गिझरचे प्रत्येक युनिट महाग पायरीवर पडत होते. सिलिंडर बंद करून काटकसर करायला निघालेले हे घर नेमके उलट्या दिशेने चालले होते.

गॅसचा भाव असा वरखाली का होतो, तेही थोडक्यात समजून घ्यावे. आपल्या देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी सुमारे ६० टक्के परदेशातून येतो. आखातात किंवा युरोपात तंटा पेटला की त्याची झळ आपल्या शेगडीला लागते. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले, तेव्हा रॉकेलच्या रांगेत उभे राहिलेले सभासद आजही आपल्यात आहेत. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाले, तेव्हाही तेच. ते भाव आपण थांबवू शकत नाही. आपला वापर शहाणपणाचा असावा, एवढे आपल्या हाती.

धडा चौथा : चुलीबद्दल आमची चूक

आता एक कबुली. मागे याच पानावर आम्ही असा सल्ला दिला होता की शेतकऱ्याच्या घरी जळणाला तोटा नाही, तेव्हा पाणी चुलीवर तापवावे आणि गॅस वाचवावा. त्या दिवशी गट ऑफिसातही आम्ही तेच सांगू लागलो. तेव्हा त्या सभासदांच्या मंडळी इतका वेळ गप्प होत्या, त्या बोलल्या : "साहेब, तुमचा हिशेब बरोबर हाय. पण पहाटं पाचला उठून चूल फुंकायचं माप त्यात कुठं धरलंय?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून तेही माप आता मांडतो.

वाळलेल्या लाकडात किलोला सुमारे ४,००० किलोकॅलरी असतात. साध्या तीन दगडांच्या चुलीत त्यातली दहा टक्क्यांच्या आसपासच भांड्याला लागते. बाकी वारा आणि धूर नेतो. म्हणजे एका किलोतून कामाला आल्या ४०० किलोकॅलरी, नेमकी एक बादली. दीडशे बादल्यांना महिन्याला दीडशे किलो लाकूड! ते तोडायचे कोणी, वाहायचे कोणी, फोडायचे कोणी? बहुतेक घरांत उत्तर एकच आहे. त्या बाईच्या मजुरीचा दर कोणत्याही वहीत नसतो, म्हणून चूल फुकट वाटते. आणि लाकूड ओले असेल तर आधी स्वतःचेच पाणी उडवण्यात त्याची उष्णता जाते. ओल्या बगॅसवर बॉयलरची वाफ का पडते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

धुराचे तर विचारूच नका. बंद स्वयंपाकघरातल्या धुराने डोळे जातात, दम लागतो. बिडी कधी न ओढलेल्या बायकांना फुफ्फुसाचा जुनाट विकार होतो आणि लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेले आहे. सिलिंडरचे आठशे वाचवून दवाखान्यात दोन हजार दिले तर त्याला काटकसर म्हणायचे का?

पाचटाबद्दलही एक शब्द. काही घरांत पाचट घरी आणून जाळतात. पाचट भसकन पेटते आणि भसकन विझते, चुलीपुढून हलता येत नाही. एका हेक्टरातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते. ते सरीत आच्छादन म्हणून कुजले तर जमिनीत कर्ब जातो, ओल टिकते, तण दबते. पाचट रानातच राहू द्यावे.

तेव्हा आमचा जुना सल्ला आम्ही मागे घेत आहोत. ज्यांना जळणावर पाणी तापवायचेच आहे त्यांनी ते धुराडे असलेल्या बंबात, उघड्यावर, वाळलेल्या काटक्यांवर तापवावे. आणि बंब पेटवण्याची पाळी घरातल्या पुरुषांनी वाटून घ्यावी. मग तो खर्च खरोखर किती आहे ते आपोआप कळेल!

धडा पाचवा : पैसे कोठे घालावेत

काटकसरीची वस्तू घेताना आधी आपली पायरी पाहावी. जुना पंखा काढून नवा कमी वॅटचा लावला तर महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात. घर शंभराच्या वर असेल तर त्याचे १७९ रुपये होतात. शंभराच्या आत असेल तर ९२ रुपये. पंखा २,७०० रुपयांचा धरला तर पहिल्या घरात तो वापराच्या १५ महिन्यांत फिटतो, दुसऱ्या घरात २९ महिन्यांत. म्हणून शेजाऱ्याने घेतला म्हणून आपण घेऊ नये. जो पंखा सर्वांत जास्त तास फिरतो, तो आधी बदलावा. पाहुण्यांच्या खोलीतला शेवटी.

गोबरगॅस. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच मोठी जनावरे. तेवढेच पाणी मिसळायचे. त्यातून रोज साधारण ८५० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतके काम होते. महिन्याला दीड सिलिंडरहून जास्त. १९८४ मध्ये निघालेले 'दीनबंधु' जातीचे विटांचे संयंत्र जमिनीखाली असते आणि त्याला लोखंडी टाकी लागत नाही. निघालेली स्लरी उसाला उत्तम. पण खरे सांगायचे तर गावोगाव बंद पडलेली संयंत्रेही आहेत. कारण जनावरे विकली गेली किंवा रोज शेण कालवायला माणूस उरला नाही. थंडीत गॅस कमी होतो, हेही लक्षात घ्यावे. ज्यांच्या दावणीला जनावरे कायम आहेत, त्यांनीच हा विचार करावा. एका-दोन म्हशींवर मोठे संयंत्र बांधू नये.

सूर्याचे पाणी. १०० लिटरचा सौर बंब म्हणजे आपल्या पाच बादल्या, आणि त्यात पाणी ४२ अंशांहून जास्त तापत असल्याने गार पाणी मिसळता येते. बोअरचे पाणी क्षाराचे असेल तर नळ्या चोंदतात, हे आधी पाहावे.

छतावरची सौर वीज. एक किलोवॅटचे पॅनेल आपल्या भागात वर्षाची सरासरी धरता दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्तला ७८,००० रुपये अनुदान ठरले. अर्ज करण्यापूर्वी त्या दिवसाचे नियम पाहावेत. ज्यांचे बिल वर्षभर शंभराच्या आत आहे, त्यांची रक्कम सावकाश फिटेल. ज्यांचे दोनशेच्या वर आहे, त्यांनी जरूर हिशेब करावा.

एकत्र घराचा प्रश्न. दोन भाऊ खरोखर विभक्त झाले आहेत, चुली दोन आहेत, पण मीटर एकच, असे पुष्कळ ठिकाणी असते. मग दोघांचे युनिट एकत्र होऊन वरच्या पायरीवर जातात. अशांनी वेगळ्या जोडणीची चौकशी करावी. मात्र खोटे विभक्तपण दाखवू नये. आणि शेतीपंपाच्या लाइनवरून घरात वायर ओढणे किंवा आकडा टाकणे हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ खाली गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ओल्या भिंतीवरच्या त्या उघड्या वायरने माणूस जातो. दोन-चारशे रुपयांसाठी हा व्यवहार करू नये.

मीटरची शंका असेल तर. घरातली सगळी बटणे बंद करावीत, फ्रीजही. मग मीटरवरचा लुकलुकणारा दिवा पाहावा. तरीही लुकलुकत असेल तर वायरिंगमध्ये कोठेतरी गळती आहे. आधी वायरमन बोलवावा. बिलावरचे मागील व चालू रीडिंग मीटरशी ताडावे आणि बिल किती दिवसांचे आहे तेही पाहावे. तरी चूक वाटली तर लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तेथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल अशी व्यवस्था आहे.

धडा सहावा : बिल महिन्याचे, ऊस वर्षाचा

नोकरदाराला पगार महिन्याला आणि बिलही महिन्याला. आपले तसे नाही. ऊस तुटेपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाते. कायद्याने ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असले तरी ते येतात हंगामात, आणि लाइट बिल मात्र आषाढातही येते. खरी अडचण येथे आहे.

एक मध्यम घर धरू. लाइट बिल सरासरी महिना १,१०० रुपये, वर्षाचे १३,२००. सिलिंडर वर्षाला ९, प्रत्येकी ८५० धरून ७,६५०. एकूण २०,८५० रुपये. तोडणी-वाहतूक वजा जाता हाती टनाला ३,००० रुपये पडले असे धरा. म्हणजे घरच्या बॉयलरला वर्षाला सात टन ऊस लागतो! रुपयांत सांगितले की मनावर ठसत नाही. टनांत सांगितले की सात टन म्हणजे किती मोळ्या, हे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते.

या सात टनांची तरतूद केली नाही तर काय होते? आषाढात हातउसने ५,००० घेतले, शेकडा ३ रुपये महिना व्याजाने, सहा महिन्यांसाठी. व्याज ९०० रुपये. म्हणजे एका भरल्या सिलिंडरहून जास्त पैसे नुसते व्याजात गेले. ना दिवा लागला, ना भात शिजला.

म्हणून आमची सूचना अशी. ऊसबिलाचा पहिला हप्ता जमा झाला की त्याच आठवड्यात सात टनांचे पैसे बँकेत किंवा पतसंस्थेत वेगळ्या खात्यात टाकावेत. खाते शक्यतो घरधनिणीच्या नावे असावे, कारण शेगडी आणि दिवा तिच्याच हाताखाली आहे. त्या खात्यातून फक्त लाइट बिल आणि सिलिंडर. लग्नाचा आहेर त्यातून नको, ट्रॅक्टरचे डिझेलही नको.

पुढे काय झाले

त्या घराने काय केले ते सांगून पाठ संपवतो. गिझर काढून टाकला नाही. म्हाताऱ्या आईंसाठी आणि आजारपणात तो लागतो, आणि ते योग्यच आहे. पोरांनी दुपारी माळवदावरच्या काळ्या पिंपात उन्हाने तापलेल्या पाण्याने संध्याकाळी आंघोळी सुरू केल्या. थोरल्या दोघांचे पाणी गॅसवर, झाकण ठेवून. सिलिंडर चालू राहिला. पुढच्या महिन्याचे बिल १२६ युनिटांचे आले. ५४ युनिट उतरले, त्याचे सुमारे ७१७ रुपये. गॅस थोडा जास्त लागला, तो वजा केला तरी बरेच उरले. ते सभासद बिल दाखवायला पुन्हा आले, तेव्हा त्यांच्या मंडळी मागून म्हणाल्या, "आणि चूल पेटवली न्हाई, तेबी लिवा." ते लिहिले.

स्वाध्याय (घरी सोडवावा)

१. गेल्या बारा महिन्यांची लाइट बिले एका दोऱ्यात ओवा. कोणत्या महिन्यात घर शंभराच्या वर गेले, ते खुणेने दाखवा.
२. घरातल्या पाच मोठ्या साधनांचे वॅट आणि रोजचे तास लिहून महिन्याचे युनिट काढा. बेरीज बिलाच्या जवळ येते का? येत नसेल तर का?
३. सिलिंडर लावल्याची तारीख भिंतीवर लिहा. तो किती दिवस पुरला?
४. वर्षाचा वीज-गॅसचा खर्च काढा आणि आपल्या उसाच्या भावाने भागा. आपल्या घरचा बॉयलर किती टन ऊस खातो?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक सभासदाने आपल्या गट ऑफिसात लिहून द्यावे. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना जोडीने यावे, हिशेबाला दोन्ही डोकी लागतात. आणि वार्षिक सभेत कारखान्याच्या बॉयलरविषयी प्रश्न विचाराल तेव्हा घरच्या बॉयलरचे उत्तर खिशात असू द्यावे.

— सभासद-शिक्षण विभाग